थेरपिस्ट कुणासाठी शोधताय?

मूल ट्रान्स आहे, हे घरी कळलेलं असतं. कसं, ते घरोघरी वेगळं. कुणी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर टाकतं आणि फोन बंद करून हॉस्टेलवर बसून राहतं. कुणी दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे पांगल्यावर आईला स्वयंपाकघरात एकटी गाठतं. काही घरांत तर मुलाने तोंडही उघडलेलं नसतं, कपाट आवरताना काहीतरी हाती लागलेलं असतं. मग दोन-चार दिवसांनी, कधी दोन-चार महिन्यांनी, आईवडील माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहतात. मी पुण्यातल्या एका कॉलेजात समुपदेशक आहे. टेकल्या टेकल्या पहिलं वाक्य बहुतेक हेच, ‘मॅडम, एखादा चांगला डॉक्टर सुचवा.’

मी सुचवते. पण त्याआधी एक विचारते, आणि ते आज तुम्हालाही विचारणार आहे. डॉक्टर तुम्हाला कशासाठी हवाय? उत्तर मनातल्या मनात द्या. ‘हे खरंच आहे का, ते तपासायला.’ ‘हे जाईल का, ते विचारायला.’ ‘हिच्या डोक्यात हे कुणी भरवलं, ते काढून घ्यायला.’ असलं काही आलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. वीस वर्षं जिला मुलगी म्हणून वाढवलं ते पोर एक दिवस ‘मी मुलगा आहे’ म्हणतं, तेव्हा आईबापाच्या पोटात गोळा येणारच. पण हे सगळे प्रश्न तुमचे आहेत. तुमच्या मुलाचे वेगळे आहेत. हॉस्टेलच्या बाथरूमला किती वाजता गेलं की कुणी नसतं? तोंडी परीक्षेला भर वर्गात जुनं नाव पुकारतील तेव्हा काय करायचं? आजीला सांगायचं का? झोप का लागत नाही? ज्या मैत्रिणीवर जीव जडलाय ती हे ऐकून लांब जाईल का? थेरपिस्ट शोधायचा तो या प्रश्नांसाठी. तुमच्या प्रश्नांनाही माणूस लागतो, पण तो दुसरा. त्याच्याकडे येतेच मी शेवटी.

‘हे जाईल का’ याचं उत्तर मात्र आत्ताच देऊन टाकते, कारण त्या एका प्रश्नापायी घरं वर्षानुवर्षं दवाखाने पालथे घालतात. हा आजार नाही, त्यामुळे बरं होण्याचा प्रश्नच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांचं नवं वर्गीकरण २०१९ साली मंजूर केलं, आयसीडी-११. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात ट्रान्सजेंडर असणं मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलंय. पूर्ण वगळलं नाही, कारण कुणाला हार्मोन्सची किंवा शस्त्रक्रियेची मदत लागली तर ती मिळण्याचा रस्ता उघडा राहायला हवा. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये अशा माणसांना औषधोपचारांनी ‘बदलण्याच्या’ प्रयत्नांवर बंदी घालणारे आदेश दिले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की असा उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं जाईल.

तरीही करणारे करतातच. पाटीवर तसं कुणी लिहीत नाही, बोलण्यातून ओळखायचं. ‘तुम्ही अगदी वेळेवर आलात, चार-सहा महिन्यांत फरक दिसेल’ असं कुणी मूल डोळ्यांनी पाहण्याआधीच म्हणालं की समजून जा. ‘लहानपणी फ्रॉक घालायचा का? बहिणींच्यात वाढला का? वडील फार कडक होते का?’ असली चौकशी करून खापर फोडायला डोकं शोधणारा दुसरा. ‘पुरुषी हार्मोन कमी असेल’ म्हणून इंजेक्शनं लिहून देणारा तिसरा, आणि तो सगळ्यांत घातक. शरीर जास्त पुरुषी झाल्याने मन मुलाचं होत नाही. त्या पोरीला आपल्याच अंगाचा वाटणारा नकोसेपणा तेवढा वाढतो. कुणी लग्नाचा सल्ला देतं. त्यात तर दुसऱ्याही घरचं मूल होरपळतं. यातलं काही कानावर पडलं तर उठून या. दिलेली फी अक्कलखाती टाका.

देवाधर्माबद्दल मी वाद घालत नाही. नवस तुम्ही बोला, उपास तुम्ही करा, मुलाला अंगाऱ्या-धुपाऱ्याला नेऊ नका. एवढंच.

आता कोण कोण असतं ते थोडक्यात. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हा एमबीबीएसनंतर मनोविकारांत एमडी किंवा पदविका केलेला डॉक्टर. औषधं तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो चाचण्या करतो, थेरपी करतो, औषधं देत नाही. समुपदेशक किंवा थेरपिस्ट ही पाटी मात्र वाटेल तो लावू शकतो. मानसशास्त्रात एमए करून पुढे उत्तम प्रशिक्षण घेतलेला माणूस आणि वीकेंडच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेला माणूस, दोघांची पाटी सारखीच दिसते. म्हणून शिक्षण विचारा, न संकोचता विचारा. पण पदव्यांची माळ आहे म्हणून तो ट्रान्स मुलांबरोबर काम करू शकेल असं मात्र धरून चालू नका. सुवर्णपदक मिळवलेल्या डॉक्टरने तासभर भलत्याच नावाने हाक मारली, असं मुलांनी सांगितलेलं मी ऐकलंय. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने थेरपिस्ट लोकांसाठी क्वीअर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंगचा, म्हणजे अशा माणसांना आहेत तसं स्वीकारून समुपदेशन करण्याचा, अभ्यासक्रम चालवलाय, त्यातून शिकून बाहेर पडलेली माणसं आता मुंबई-पुण्याबाहेरही काम करतात. ‘तुम्ही असं काही प्रशिक्षण घेतलंय का’ हा प्रश्न विचारायला मुळीच हरकत नाही. ज्याने घेतलंय तो खुशीने सांगतो, ज्याने घेतलेलं नाही तो बहुधा चिडतो. चिडला की आपलं काम झालं.

सांगली भागातल्या एका वडिलांनी काढलेली तऱ्हा मला फार आवडली. शाळेत क्लार्क होते, सगळं वहीत लिहायची सवय. त्यांनी एका वहीत नावं उतरवली आणि रोज संध्याकाळी एक-दोन फोन लावायला सुरुवात केली. वाक्य ठरवलेलं. ‘माझं मूल कॉलेजात आहे, ट्रान्सजेंडर आहे. मॅडमनी अशा मुलांबरोबर आधी काम केलंय का?’ एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, ‘काळजी नका करू सर, मॅडम त्याला छान समजावून सांगतील.’ वहीत त्या नावापुढे फुली. दुसरीकडे ‘सर हे बघत नाहीत’ म्हणून फोन ठेवला. फुली. तिसरीकडे ‘विचारून सांगते’ म्हणाली, आणि रात्री थेरपिस्टबाईंचाच फोन आला. त्यांनी आजाराबद्दल, बालपणाबद्दल काहीएक विचारलं नाही. म्हणाल्या, ‘नोंद कुठल्या नावाने करू? आणि बाहेर बाकावर लोक बसलेले असतात, तिथे हाक कुठल्या नावाने मारलेली चालेल?’ गृहस्थ गप्प. लेकराने स्वतःसाठी ठेवलेलं नाव काय, ते यांना ठाऊकच नव्हतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ‘पाच मिनिटांत सांगतो’ म्हणून फोन ठेवला, हॉस्टेलला लावला आणि विचारलं. ते नाव वहीत लिहून, खाली रेघ मारून मला दाखवायला घेऊन आले होते.

असे फोन तुम्ही करा, गाळणी लावा, फुल्या मारा. मोठ्या माणसाने करायची ही मेहनत आहे, आणि आधीच थकलेल्या पोराला ती करावी लागली नाही तर बरं. शेवटी दोन-तीन नावं उरतील. त्यांतून निवडायचं मुलाने. तुम्हाला जी ‘घरंदाज, शांत’ वाटली तीच त्याला आवडेल असं नाही. कुणाला बाईच हवी असते, कुणाला आईच्या वयाची बाई अजिबात नको असते. कुणाला स्वतः ट्रान्स किंवा समलिंगी असलेला थेरपिस्ट हवा असतो. मोजके का होईना, आहेत तसे. आपल्या जातीचा, आपल्या गावाकडचा डॉक्टर हवा की नकोच, यावरही मुलांची ठाम मतं असतात, आणि ती ऐकून घ्यावीत. ओळखीतला डॉक्टर मात्र कुणालाच नको असतो. ‘आत्याच्या दिरांचे मित्र आहेत, पैसे घेणार नाहीत’ हे ऐकूनच त्याच्या पोटात खड्डा पडतो. पुढच्या लग्नात आत्या आपल्याकडे कशी बघेल, ते त्याला आधीच दिसत असतं.

भाषेचाही एक पेच आहे, आणि इंग्रजीतून थेरपी शिकलेल्यांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. मराठीत ‘मी’ म्हणून पुढे गेलं की क्रियापद लगेच सांगून टाकतं, बोलणारी बाई की बोलणारा बाप्या. मी गेले, मी गेलो. इंग्रजीत तासभर स्वतःबद्दल बोललं तरी हे उघडं पडत नाही. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आलेली मुलंसुद्धा पहिल्या भेटीत अडखळत इंग्रजीत बोलतात. निभावून नेतात, पण मनातलं सगळं त्या भाषेत येत नाही. चांगला थेरपिस्ट पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, ‘तुझ्याशी बोलताना आलास म्हणू की आलीस?’ आणि चुकून जुनं रूप तोंडात आलं तर ‘आलीस... आलास’ करून पुढे जातो, माफीचं कीर्तन लावत नाही. घरी तुमचंही चुकेल, तेव्हा तुम्हीही तसंच करा. जाता जाता सांगते, कोल्हापूरकडच्या पोरी ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात, तुम्हाला माहीत असेल. तिकडच्या एका मुलाने मला हसत सांगितलं, ‘मॅडम, घरी माझं बोलणं कधी कुणाला खटकलंच नाही. पुण्यात आलो आणि रूममेटनं पहिल्याच दिवशी विचारलं.’

आता पैसे. इथे भांडणं होतात म्हणून जरा थांबते. पुण्या-मुंबईत खाजगी थेरपिस्टची एका भेटीची फी हजार-दीड हजार सहज असते, नावाजलेल्यांची त्याहून जास्त. सुरुवातीला आठवड्याला एक भेट लागते. मध्यमवर्गीय घराला हा खर्च जाणवतोच, नाही कशाला म्हणू? बरेच थेरपिस्ट विद्यार्थ्यांना फी कमी करून देतात, पण आपण होऊन बोलत नाहीत, विचारावं लागतं. तेही जमत नसेल तर सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे. केसपेपर किरकोळ पैशांत निघतो, डॉक्टर बहुतेकदा चांगले असतात, पण गर्दी अफाट आणि मिळाली तर दहा मिनिटं. औषधांसाठी ती उत्तम, निवांत बोलायला अपुरी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा २०१२ पासून फोनवर आणि ईमेलवर मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. पहिलं पाऊल म्हणून मी पुष्कळ मुलांना तिथेच पाठवते.

आणि मी स्वतः? मी तुमच्या मुलाचं ऐकून घेईन, पत्ता देईन, प्राध्यापकांशी बोलेन. त्याची कायमची थेरपिस्ट मी व्हावं, असं मला वाटत नाही. माझा पगार कॉलेज देतं, माझी खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून आहे आणि माझ्या दारातून कोण आत गेलं ते समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यांना दिसतं. कॉलेजातल्या समुपदेशकाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे त्या खोलीची जागा बघूनच ठरवावं.

तर फी तुम्ही भरा. पण पैसे मी देतो म्हणून आत काय बोलणं झालं ते मला कळलं पाहिजे, असं नाही. मेसचे पैसे भरताना रोज भाजी कुठली होती असं विचारता का? महिन्याची रक्कम मुलाच्या खात्यावर टाका आणि विसरा. दर भेटीनंतर ‘काय म्हणाल्या मॅडम?’ असं विचारलंत की पुढच्या भेटीत पोर थेरपिस्टशी बोलताना घरी काय सांगायचं याचीही जुळवाजुळव करत बसतं. अर्धा तास त्यातच जातो, म्हणजे तुमचेच अर्धे पैसे पाण्यात.

थेरपिस्टला परस्पर फोन करून ‘आम्हाला खाजगीत थोडं सांगा’ म्हणणारे पालक मला नवे नाहीत. चांगला थेरपिस्ट नम्रपणे नाही म्हणतो, आणि आईबाबांना वाटतं, काय हा उद्धटपणा. तो उद्धटपणा नाही, कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३व्या कलमाने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. मूल अठरा पूर्ण झालं की तो हक्क त्याचा. जिवाला धोका असला तर गोष्ट वेगळी, तिथे थेरपिस्ट स्वतःहून तुम्हाला गाठेल. आपल्याकडे अकरावी-बारावीलाही कॉलेजच म्हणतात, तेव्हा ज्यांचं मूल सोळा-सतराचं आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगते. तुमची संमती लागेल, एखाद्या भेटीत तुम्हाला बोलावलंही जाईल. मात्र कुठलं घरी सांगायचं आणि कुठलं नाही, हे पहिल्याच दिवशी तिघांनी मिळून ठरवून घ्या. असं ठरवून न देणाऱ्या थेरपिस्टकडे मी माझ्या भाचरांनाही पाठवणार नाही.

ऑनलाइन भेटींमुळे बुलढाण्याच्या किंवा कणकवलीच्या मुलालाही पुण्याचा थेरपिस्ट मिळतो, ही मोठी सोय झाली. अडचण उरते ती कुठे बसून बोलायचं याची. हॉस्टेलच्या खोलीत तिघं, घरी भिंतीला कान. एक मुलगी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बोलायची, खालून मोटार सुरू झाली की थेरपिस्टला काही ऐकू यायचं नाही. तिच्या आईला ते कळलं. त्या बाईंनी एक अक्षर न बोलता गुरुवारी संध्याकाळी सहाला सासूबाईंना दत्ताच्या देवळात न्यायला सुरुवात केली. आरती, प्रसाद, ओट्यावरच्या गप्पा धरून सव्वा तास. घर रिकामं. सासूबाई खूश, सून एकाएकी इतकी भाविक कशी झाली म्हणून वाड्यात कौतुक. आईने अजून मुलीला नव्या नावाने हाक मारली नव्हती, तेवढी ती तयार नव्हती. पण गुरुवार तिने एकही चुकवला नाही.

हार्मोन्सचा विषय निघाला की तुमची झोप उडते, म्हणून त्याबद्दलही. हार्मोन्स सुरू करण्याआधी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, सहसा मानसोपचारतज्ज्ञाची किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची चिठ्ठी मागतात. यातून एक गुंता होतो. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्याच्यासमोर मूल परीक्षेला बसल्यासारखं बसतं. ‘कधी कधी भीती वाटते’, ‘आवाज बदलला तर गाणं जाईल का’, ‘घाई तर करत नाही ना मी’ हे सगळं ते गिळून टाकतं, कारण शंका काढली तर चिठ्ठी अडेल अशी धास्ती असते. म्हणून शक्य असेल तर ही दोन कामं दोघांकडे द्या. चिठ्ठीसाठी एक डॉक्टर, मन मोकळं करायला दुसरा. तुम्हाला वाटतं की थेरपिस्टने प्रश्न विचारून मुलाला भानावर आणावं. खरं तर शंका बोलून दाखवायला जिथे मोकळीक असते तिथेच मुलं सावकाश विचार करतात. ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही, आठवी आवृत्ती २०२२ ची आहे, हार्मोन्सआधी थेरपी घेतलीच पाहिजे अशी अट घालत नाहीत. थेरपी मदतीला असते, नाकाबंदीला नाही. आणि आपण कोण आहोत हे सांगायला तर डॉक्टरची परवानगी लागूच नये, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात म्हणून ठेवलंय. ओळखपत्रांचे, दाखल्यांचे नियम वेळोवेळी बदलतात, त्यासाठी वकील गाठा. ते थेरपिस्टचं काम नाही.

उलट बाजूचीही एक जात असते, तिच्यापासूनही सावध राहा. पहिल्याच भेटीत ‘अरे वा, किती धीट आहेस’ म्हणून टाळ्या पिटणारी. मुलाला टाळ्या नको असतात. अशांचा आणखी एक छंद म्हणजे प्रत्येक गोष्ट तिथेच नेऊन बांधायची. एका मुलाला दोन विषयांत एटीकेटी लागली होती. गणित कच्चं, बारावीपासूनच कच्चं. थेरपिस्टबाई मात्र दर भेटीला विचारत, ‘तुझ्या जेंडरमुळे वर्गात एकटं वाटतं का?’ तो वैतागून मला म्हणाला, ‘मॅडम, मला इंटिग्रेशन येत नाही हो!’ ट्रान्स मुलांचंही प्रेम मोडतं, त्यांनाही घरची आठवण येते, पोटात कळा येतात, पेपर अवघड जातात. थेरपिस्टला हे कळायला हवं, आणि आपल्यालाही. हल्ली तुमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर किती दिवसांत दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलणं झालंय, ते आठवून बघा.

तीन-चार भेटींनंतर मूल म्हणालं, ‘मला नाही जमत यांच्याशी’, तर बदला. कारण विचारत बसू नका. ‘तुझं नेहमीचंच, क्लासही असाच सोडलास’ हे वाक्य जिभेवर आलं तर पाणी प्या. त्या माणसासमोर आपल्याला बसवतं की नाही, यावर थेरपीचं निम्मं काम अवलंबून असतं, आणि ते बसणाऱ्यालाच कळतं.

झोप उडालेली, जेवण तुटलेलं, हातावर वार, ‘मी नसलो तर बरं होईल’ असली भाषा, यातलं काही दिसलं तर योग्य थेरपिस्ट मिळेपर्यंत थांबू नका. त्या दिवशी जो सायकियाट्रिस्ट मिळेल त्याच्याकडे जा. नैराश्याच्या गोळ्या नैराश्यासाठी असतात, त्या ट्रान्सपणावर नसतात, त्यामुळे त्या घ्यायला घाबरण्याचं कारण नाही. रात्री-अपरात्री सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही. हा क्रमांक तुमच्या फोनमध्ये आणि मुलाच्या फोनमध्ये, दोन्हीकडे घालून ठेवा.

आता तुमच्यासाठीचा माणूस. मघाशी ज्या मद्रासच्या निकालाबद्दल बोलले, त्याच्या मागची गोष्ट ऐका. मदुराईच्या दोन तरुण मुली एकमेकींवरच्या प्रेमापायी घर सोडून चेन्नईला आल्या होत्या. आईवडिलांनी पोलिसांत तक्रार दिली, मुली संरक्षण मागायला कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी आधी मुलींना आणि त्यांच्या पालकांना समुपदेशनाला पाठवलं. आणि मग, आपल्याही मनात या विषयाबद्दल पूर्वग्रह आहेत, ते तसेच ठेवून निकाल लिहिणं बरोबर नाही, असं कोर्टाच्या आदेशात नोंदवून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश आपले प्रश्न घेऊन जातो, तर तुम्हा-आम्हाला कसली अडचण?

तुमच्याकडे नेण्यासारखे प्रश्न ढीगभर असतात. ‘जिच्या लग्नाचे दागिने करून ठेवले, त्यांचं काय करू?’ असं एका आईने मला विचारलं होतं, आणि तो प्रश्न मुळीच हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मुलगा म्हणून मनात धरलेलं सगळं आयुष्य, सून, नातवंडं, हे सगळं सोडून द्यायला रडावं लागतं. रडा. फक्त मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून नको. आणि वडिलांच्या मनातला तो एक प्रश्न, जो ते बायकोलाही विचारत नाहीत: ‘उद्या सिग्नलला टाळ्या वाजवत उभं राहावं लागेल का?’ त्याचं उत्तर मी सरळ देते. सिग्नलवर ज्या उभ्या असतात त्यांतल्या कितीतरी जणींना तुमच्या मुलाच्या वयात, किंवा त्याच्याही आधी, घर सुटलेलं असतं. शिक्षण तुटतं, मग काम मिळत नाही, मग ज्यांनी जवळ केलं ते त्यांचं घर होतं. तुमचं मूल आज कॉलेजात शिकतंय आणि घरच्या पैशांवर शिकतंय. ते तसंच चालू ठेवणं तुमच्या हातात आहे. तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी’ हे आत्मकथन तुमच्या वाचनात नसेल तर वाचा, त्यांच्या पाठीशी राहिलेल्या घरच्यांसाठी तरी वाचा.

तुमच्यासारख्याच पालकांशी बोलायचं असेल तर मुंबईत सुरू झालेला ‘स्वीकार’ हा पालकांचा गट आहे. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना सरन्यायाधीशांना पत्र लिहिणारे हेच आईबाप. तिथे तुम्हाला शिकवायला कुणी बसलेलं नसतं, आपापली रडगाणी सांगून झालेली माणसं असतात. आणि गटात बोलायला संकोच वाटत असेल तर एखादा थेरपिस्ट तुमच्यासाठी वेगळा बघा. मुलाचाच नको. मुलाच्या थेरपिस्टकडे ‘पाच मिनिटं आम्हीही बोलून घेतो’ म्हणून बसलात की ती खुर्ची त्याची राहत नाही.

माझ्याकडे येणार असाल तर फोन करून या. शनिवारी दुपारी कट्टा रिकामा असतो. आणि बाबांना खाली गाडीत बसवून येऊ नका. ‘त्यांना हे जमत नाही, मी त्यांना नंतर सांगते’ असं म्हणून आया एकट्या वर येतात आणि पार्किंगमध्ये तासभर एसी चालू असतो. माझ्या खोलीत खुर्च्या तीन आहेत.